शब्दचर्चा : कळ, मुरडा, ठणका आणि ‘गॅस’

प्रश्न : मी नवी मुंबईतील एका रुग्णालयात, तातडीच्या विभागात परिचारिका आहे. अचानक पोट दुखू लागलेले रुग्ण कळ, मुरडा, ठणका असे निरनिराळे शब्द वापरतात, पण आमच्या नोंदवहीत सगळ्यांची ‘पोटदुखी’च होते. या शब्दांत भेद कोणता मानावा? घणसोली, दिवाळे भागातील वयस्कर मंडळी ‘पोटान कल येते’ म्हणतात, ते कशात धरावे?

प्रतिसाद : सिस्टर, ‘कल’ म्हणजे कळच, आगरी बोलीत ‘ळ’चा ‘ल’ आणि ‘पोटात’चे ‘पोटान’ होते. कळ येते, वाढते आणि ओसरते, म्हणूनच बाळंतपणाच्या वेदनांनाही आपण कळा म्हणतो. मुतखड्यात आणि आतड्याच्या अडथळ्यात दुखणे बहुधा असे असते. मुतखड्याचा रुग्ण एका जागी पडून राहत नाही, येरझारा घालतो आणि कळ कुशीतून जांघेत उतरते हे हातानेच दाखवतो. याउलट ‘हललो तरी दुखतं’ म्हणत जो गुडघे पोटाशी घेऊन निश्चल पडतो, त्याच्या पोटाच्या आतल्या आवरणाला सूज असण्याची शंका घ्यावी आणि पोट कडक लागत असल्यास डॉक्टरांना ताबडतोब कळवावे. मुरड्याला शौचाची भावना जोडलेली असते, तेव्हा आव किंवा रक्त पडते का हे विचारावे. ठणका सलग असतो. माझ्या मते रुग्णाचा शब्द आहे तसाच अवतरणात लिहावा आणि शेजारी दुखणे कोठून कोठे सरकले तेही लिहावे, कारण अपेंडिक्सचे दुखणे पुष्कळदा बेंबीभोवती सुरू होऊन काही तासांनी उजव्या ओटीपोटात स्थिरावते.

दुसरा प्रतिसाद : वरील मत मान्य आहे, पण ‘गॅस’ आणि ‘पित्त’ हे शब्द मला अधिक धोक्याचे वाटतात, कारण ती वेदनेची वर्णने नसून रुग्णाने स्वतःच काढलेली निदाने आहेत. पन्नाशीचा गृहस्थ घामाघूम होऊन ‘वरच्या पोटात गॅस धरलाय’ म्हणत असेल, तर आधी ईसीजी काढावा. हृदयविकाराचा झटका असाही येतो. ओटीपोट दुखणाऱ्या तरुण स्त्रीला शेवटची पाळी कधी आली हे एकांतात विचारावे, सासूबाईंसमोर नव्हे. गर्भनलिकेत गर्भ राहिला असल्यास पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

प्रश्नकर्ती : दोघांचेही आभार. याच निमित्ताने ‘उपाशी ठेवा’ या शब्दप्रयोगाविषयीही विचारते. ठाण्याहून आलेल्या एका आजींना नातेवाइकांनी ‘उपाशीच आहेत’ म्हणत चहा पाजला होता.

पहिला प्रतिसादक : ताई, उपासाला चहा चालतो हे आपल्याकडे घरोघरी ठरलेलेच आहे, तेव्हा नातेवाइकांना दोष देता येत नाही. ‘डॉक्टर सांगेपर्यंत पाणी, चहा, घरची गोळी, काहीही तोंडाने द्यायचे नाही’ असे पूर्ण वाक्य बोलावे आणि तेच खाटेशी लिहून लावावे.