शब्दचर्चा: ‘रेमिटन्स’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न
आमच्या बडोद्याच्या मंडळाच्या अंकासाठी लेख लिहितेय, विषय बाहेर कमावणाऱ्यांनी घरी पाठवलेला पैसा आणि त्याचा देशावर होणारा परिणाम. ‘विप्रेषण’ लिहिलं तर आईलाही कळत नाही, ‘पाठवणी’ म्हटलं की लग्नच डोळ्यासमोर येतं, आणि मनीऑर्डर आता कोण करतं? शिवाय ‘नेपाळच्या जीडीपीत रेमिटन्सचा वाटा सुमारे पाव आहे’ हे वाक्य बरोबर आहे का?

प्रतिसाद
विप्रेषण नेपाळीत सर्रास चालतो, तिथल्या पेपरात रोज दिसतो, मराठीत मात्र रुजला नाही. आपल्याकडे मनीऑर्डर हाच खरा शब्द होता. टपालखात्याने ती १८८० मध्ये सुरू केली आणि २०१५ मध्ये जुनी कागदी पद्धत थांबवली, पण ‘कोकणची मनीऑर्डरवरची अर्थव्यवस्था’ हा वाक्प्रयोग अजून जिवंत आहे. गिरणीतला चाकरमानी पैसे पाठवायचा त्यावर घर चालायचं, आणि १९८२ चा संप झाला तेव्हा झळ गावातल्या चुलीपर्यंत गेली. त्यामुळे इतिहास सांगताना मनीऑर्डर, आजचं सांगताना सरळ ‘घरी पाठवलेला पैसा’, आणि आकडेवारी आली की रेमिटन्स. एकच शब्द सगळीकडे बसवायचा हट्ट कशाला?

प्रतिसाद
ताई, ‘जीडीपीत’ तेवढं बदला प्लीज, ही चूक मोठमोठ्या लेखांत असते. जीडीपी म्हणजे देशाच्या हद्दीत झालेलं उत्पादन. कतारमध्ये बांधकामावर राबणाऱ्या नेपाळी पोराचं काम कतारच्या जीडीपीत मोजलं जातं, त्याने घरी पाठवलेले पैसे नेपाळच्या जीडीपीत धरतच नाहीत, ते देशाच्या खर्चायोग्य उत्पन्नात येतात. म्हणून ‘जीडीपीच्या तुलनेत सुमारे पाव’ असं लिहा. आता घरच्यांनी त्या पैशातून घर बांधलं, गवंड्याला मजुरी दिली, तर ते काम जीडीपीत येतं, पण त्याच पैशाने बाहेरून आलेला मोबाइल आणि पेट्रोल घेतलं तर बराचसा पैसा पुन्हा बाहेर जातो. नेपाळचं दुखणं हेच आहे, आयात फुगते, सरकारला कस्टमचं उत्पन्न मिळतं म्हणून तेही निवांत, आणि डोंगरातली शेतं पडीक. तरी हा पैसा वाईट असं मी अजिबात म्हणणार नाही, कारण संकटात गुंतवणूकदार पळतो आणि मुलगा मात्र जास्त पाठवतो. २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळात येणारी रक्कम वाढली होती.

प्रतिसाद
वरच्यात एक भर. ‘एनआरआय ठेवी’ आणि रेमिटन्स एक नाहीत, आपल्याकडे चरोतर (आणंद-खेड्याचा भाग) शेजारीच असल्यामुळे हा गोंधळ हमखास होतो. धर्मजसारख्या गावातल्या बँकांत परदेशातल्या पटेलांची ठेव असते ती बँकेवरचं देणं झालं, उद्या ते पैसे परत नेऊ शकतात. तीच ठेव मोडून इथे घरखर्चाला रुपये काढले की रिझर्व्ह बँक ते खाजगी हस्तांतरणात, म्हणजे रेमिटन्समध्ये धरते. २०२४-२५ मध्ये भारतात आलेले १३५ अब्ज डॉलर सांगतात त्यात हेही आहे.

प्रश्नकर्ती
वाक्य बदललं, खूप आभार. मग कडियानाक्यावर (मजूर कामासाठी थांबतात त्या नाक्यावर) सकाळी उभे असतात ते दाहोद-झाबुआचे मजूर घरी पैसे पाठवतात, ते कुठे धरायचे?

प्रतिसाद
त्या १३५ अब्जांत नाहीत, कारण पैसा देशाची हद्द ओलांडत नाही. पण झाबुआशेजारच्या अलिराजपूरच्या पाड्यातलं बियाणं, दवाखाना, सावकाराचं व्याज त्यातूनच भागतं, म्हणून लेखात हे नक्की घ्या, ‘देशांतर्गत रेमिटन्स’ म्हणून. ते लोक मोबाइलच्या दुकानात जाऊन ‘खात्यात टाकतात’, आपण मराठीतही ‘गावी पैसे टाकले’ म्हणतोच की, मला तर क्रियापद म्हणून हेच सगळ्यात आवडतं. आणि पाठवण्याचा खर्चही लिहा. देशात हल्ली थोडक्यात भागतं, पण देशाबाहेर पाठवताना जगाची सरासरी शंभराला सहाच्या आसपास आहे, संयुक्त राष्ट्रांनी २०३० पर्यंत तीनच्या खाली आणायचं ठरवलंय. मजुराच्या दर शंभरामागे वाचणारे हे तीन रुपये थेट त्याच्या घरी पोचतील, हे ठळक छापा.