परदेशात आपला नेता वाकला तर देश वाकतो का?

निवांत_वाचक (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमच्या घरच्या ग्रुपवर तीन दिवस झाले जुंपलीये आणि मी मधल्यामधे सापडलोय म्हणून इथे विचारतो. झालं असं की मामांनी ओबामांचा एक जुना फोटो टाकला, २००९ साली टोकियोत जपानच्या सम्राटांपुढे, म्हणजे अकिहितोंपुढे, कमरेतून पार वाकलेत तो, आणि खाली लिहिलं की एवढ्या मोठ्या देशाचा अध्यक्ष आणि ही लाचारी! त्यावर मावसबहिणीने लगेच मॉस्कोचा व्हिडिओ टाकला, डिसेंबर २०१५ चा, विमानतळावर आपलं राष्ट्रगीत सुरू झालं आणि मोदी चालायला लागले, मग एका रशियन अधिकाऱ्याने त्यांना थांबवून परत जागेवर आणलं तो. मग मामांनी राहुल गांधींची २०२३ ची लंडनमधली, सरकारवर टीका करणारी भाषणं काढली. तिथून पुढे काय झालं ते सांगत नाही, दोघांनी एकमेकांना देशप्रेमाची सर्टिफिकेटं वाटली एवढंच.

माझे प्रश्न दोन. एक, हे वाकणं, हात मिळवणं, कपडे वगैरेला खरंच एवढा अर्थ असतो का की नुसतं आपण घरी बसून उगाळतो? आणि दोन, परदेशात जाऊन स्वतःच्या देशाबद्दल, सरकारबद्दल वाईट बोलावं का? कृपया पक्षाच्या चष्म्यातून उत्तर देऊ नका (माहितीये की देणारच, तरी).

जुना_दुभाषी

मी काही वर्षं दुभाष्याचं काम केलंय. पंतप्रधान-राष्ट्रपती नाही हो, मधल्या फळीतली शिष्टमंडळं, करारावर सही करायला येणारे सचिव, उपमंत्री असे. पण राजशिष्टाचार तिथेही तसाच असतो, फक्त कॅमेरे कमी.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो, अर्थ असतो, आणि तो ठरवायला माणसं पगारावर ठेवलेली असतात. एक प्रसंग सांगतो. सहीच्या टेबलावर दोन छोटे झेंडे ठेवायचे होते, दोन्ही स्टँड वेगवेगळ्या दुकानातून आलेले, एक बोटभर उंच. यजमानांच्या प्रोटोकॉलवाल्या बाईंनी पर्समधून टेप काढून मोजलं आणि पाहुणे लिफ्टमधून वर येईपर्यंत बुटक्या स्टँडखाली कागदाच्या घड्या घालून वर टेबलाचं कापड ओढून घेतलं. कुणाला कळलंही नाही. कळू नये हेच त्यांचं काम. आपल्याला टीव्हीवर दिसतं ते म्हणजे जिथे ही घडी घालायची राहून गेली तेवढंच.

क्वालालंपूरला नोव्हेंबर २०१५ मध्ये मोदी आणि जपानचे तेव्हाचे पंतप्रधान आबे यांच्या भेटीत आपला तिरंगा उलटा लागला होता, केशरी खाली. तिथे नेत्याचा काय दोष? तो हसून हात मिळवतोय, मागे काय टांगलंय ते त्याला कसं दिसणार. मॉस्कोतही नेत्यापेक्षा आधी मी खुणा करणाऱ्यांकडे बघीन. अशा वेळी माणूस समोरच्या अधिकाऱ्याच्या हाताकडे बघून चालत असतो, हात हलला की पाऊल पडलं. उलट २०२३ ला जोहान्सबर्गला ब्रिक्सच्या वेळी, कोण कुठे उभं राहायचं ते दाखवायला स्टेजवर जमिनीवरच छोटे झेंडे ठेवले होते (ही कल्पना ज्याला सुचली त्याला साष्टांग नमस्कार). मोदींनी वाकून तिरंगा उचलला आणि खिशात घातला, ते बघून यजमान दक्षिण आफ्रिकेच्या अध्यक्ष रामाफोसांनीही आपला उचलला. ते मात्र नेत्याचं स्वतःचं. असल्या अर्ध्या सेकंदात कुठलाही अधिकारी मदतीला येत नाही.

आणि हा मानपानाचा खेळ आहे असं समजू नका. १६६१ साली लंडनमध्ये स्वीडनचा नवा राजदूत यायचा होता, त्याच्या मिरवणुकीत कुणाची गाडी पुढे यावरून फ्रेंच आणि स्पॅनिश राजदूतांच्या माणसांत रस्त्यावर तलवारी चालल्या, माणसं मेली. स्पॅनिश लोकांनी म्हणे घोड्यांच्या साजात लोखंडी साखळ्या घातल्या होत्या, कुणी कापू नये म्हणून. म्हणजे तयारीनेच आले होते! असली भांडणं नकोत म्हणून १८१५ ला व्हिएन्नात ठरलं की राजदूतांचा क्रम देशाच्या ताकदीवर नाही, जो आधी रुजू झाला तो आधी. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत तर दर वर्षी चिठ्ठी काढतात, ज्याचं नाव निघेल तो देश पहिल्या खुर्चीवर, पुढे इंग्रजी अक्षरांप्रमाणे. तेव्हा हे नियम कुणाचा तरी अहंकार कुरवाळायला नाहीत, तो बाजूला ठेवता यावा म्हणून आहेत.

तिरकस

वरच्या दादांनी दुभाष्याची बाजू सांगितली, मी प्रेक्षकाची सांगतो. ओबामांनी वाकणं ही चूक नव्हती हो, त्यांनी वाकणं आणि हात मिळवणं दोन्ही एकदम केलं ती गडबड. एक तर वाका नाहीतर हात मिळवा. दोन्ही केलं की माणूस अवघडल्यासारखा दिसतो आणि फोटो नेमका तेव्हाच निघतो.

त्याच वर्षी त्याआधी सौदीच्या राजांसमोर लंडनला वाकले तेव्हाही गदारोळ झाला होता. पुढे त्यावरून तोंडसुख घेणाऱ्यांत ट्रंपसाहेबही होते आणि २०१७ ला रियाधमध्ये राजे सलमान त्यांच्या गळ्यात पदक घालत होते तेव्हा काय झालं ते बघून घ्या. पदक गळ्यात घालून घ्यायचं तर उंच माणसाला मान खाली घालावीच लागते ना! पण टीका करणाऱ्याने करू नये मग.

माझी सगळ्यात आवडती फजिती २०११ ची, बकिंगहॅम पॅलेसमधली. ओबामा जेवणाआधीचं भाषण करतायत, शेवटी राणीच्या नावाने ग्लास उंचावायचा. त्यांनी 'राणीसाहेबांना' म्हटलं आणि थोडा श्वास घेतला, अजून दोन वाक्यं बाकी होती. पण वाद्यवृंदाला वाटलं झालं, त्यांनी राष्ट्रगीत सुरू केलं. हे थांबेनात, त्या सुरांवरच बोलत राहिले, सिनेमात मागे म्युझिक वाजतं तसं. बाकी सगळे पुतळ्यासारखे उभे. बोलून झाल्यावर ग्लास उचलला तर समोरून कुणी उचलेना, कारण गीत चालू आहे. मग बिचाऱ्यांनी ग्लास परत खाली ठेवला. त्यावेळचा चेहरा बघा एकदा. पण त्याने अमेरिका-ब्रिटन संबंधांचं काय वाकडं झालं? काही नाही. म्हणून मी म्हणतो, चुकला तर हसा आणि सोडून द्या.

कपड्यांचं पण तेच. गांधीजी १९३१ ला राजवाड्यात पंचावर गेले, त्यात रुबाब होता कारण ते रोज तेच नेसायचे. आणि कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान ट्रुडो २०१८ ला भारतात आले ते आठवडाभर आपल्या लग्नाला आल्यासारखे नटले, आपणच हसलो. पाहुण्याने आपल्यासारखं दिसायचा हट्ट धरला की आदर कमी आणि सोंग जास्त वाटतं.

पारिजात

पहिल्या प्रश्नावर सगळे तुटून पडलेत कारण त्यात मजा आहे. खरं अवघड आहे ते दुसरं.

घरचं धुणं परक्याच्या दारात धुऊ नये हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं, त्यामुळे परदेशात कुणी देशाची उणीदुणी काढली की पोटात ढवळतं, माझ्याही. पण मग सगळ्यांना एकच माप लावा. २०१५ च्या मे मध्ये मोदी शांघाय आणि सेऊलला म्हणाले होते की आधी लोकांना भारतात जन्मल्याची लाज वाटायची, तेव्हाही सोशल मीडियावर हेच भांडण झालं होतं, फक्त बाजू उलट. सत्तेतला माणूस आधीच्या सरकारला परदेशात बोलला तर तो 'बदल सांगतोय' आणि विरोधातला आत्ताच्या सरकारला बोलला तर 'बदनामी', किंवा याच्या बरोबर उलट, हे मला पटत नाही. उलट सत्तेतल्यावर जबाबदारी जास्त, कारण तो तिथे पक्षाच्या तिकिटावर गेलेला नसतो. विमान देशाचं असतं.

चष्मेवाला

@पारिजात, पण विरोधी पक्षनेत्याने तरी का बोलावं बाहेर? संसद आहे ना इथे.

पारिजात

@चष्मेवाला, मी 'बोलावं' म्हटलेलं नाही. पण विद्यापीठात कुणी प्रश्न विचारला की तुमच्याकडे लोकशाही कशी आहे, तर खोटं बोलायचं का? आणि हल्ली 'बाहेर' काय उरलंय, इथे बोललेलं दहा मिनिटांत तिकडे दिसतं. माझी रेघ इतकीच, तिथल्या सरकारला आपल्या भांडणात उतरायला सांगायचं नाही. आपल्यातलं काय चुकतंय ते सांगणं वेगळं आणि 'तुम्ही येऊन सोडवा' म्हणणं वेगळं.

उलट बाजूचं उदाहरणही आहे. १९९४ ला जिनिव्हात मानवी हक्क आयोगापुढे पाकिस्तानने काश्मीरचा ठराव आणला तेव्हा नरसिंह रावांनी शिष्टमंडळाचं नेतृत्व कुणाला दिलं तर वाजपेयींना, जे लोकसभेत विरोधी पक्षनेते होते! ठराव पाकिस्तानला मागे घ्यावा लागला. वाजपेयींनी काही रावांवर टीका करणं सोडलं नव्हतं. मायदेशी परत आले की पुन्हा सुरू. आणि २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरनंतर सात सर्वपक्षीय शिष्टमंडळं गेली, एकाचं नेतृत्व सुप्रिया सुळेंकडे, एकाचं श्रीकांत शिंदेंकडे, म्हणजे इथे एकमेकांच्या विरोधात निवडणूक लढवणारे तिथे एकच फाइल घेऊन बसले. असं करता येतं, आपल्याला जमतं.

जुना_दुभाषी

पारिजात यांच्या रेघेत एक भर. पाहुण्यानेही यजमानाच्या घरच्या भांडणात तोंड घालू नये. १९६७ साली फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या क्यूबेक प्रांतात, माँट्रियलला गेले, कॅनडाचं शंभरावं वर्ष, जागतिक प्रदर्शन चालू, आणि नगरभवनाच्या गच्चीतून यांनी 'स्वतंत्र क्यूबेक चिरायू होवो' अशी घोषणा ठोकली. खाली गर्दी बेभान. पंतप्रधान पिअर्सन यांनी जाहीरपणे सांगितलं की हे चालणार नाही, आणि द गॉल राजधानी ओटावाला न जाताच घरी परतले. ती चूक खिशात झेंडा घालून सुधारत नाही. तिरकस म्हणतात तसं 'हसा आणि सोडून द्या' इथे लागू नाही, ग्लासातली चूक आणि गच्चीतली चूक यात फरक आहे.

चष्मेवाला

वाकण्यावरून आठवलं, कुणी विली ब्रांटचं नाव कसं नाही घेतलं? पश्चिम जर्मनीचे चॅन्सलर, ७ डिसेंबर १९७०, वॉर्सा. नाझींविरुद्धच्या ज्यू वस्तीतल्या उठावाच्या स्मारकावर पुष्पचक्र ठेवलं, रिबीन सरळ केली, दोन पावलं मागे आले आणि ओल्या फरशीवर सरळ गुडघे टेकले. काही न बोलता. ब्रांट स्वतः हिटलरच्या राजवटीत देश सोडून पळालेले, म्हणजे ज्या पापासाठी गुडघे टेकले ते त्यांनी केलेलंच नव्हतं. त्यावेळी जर्मनीतल्या एका मासिकाने पाहणी केली तर ४८ टक्के लोकांना ते अती वाटलं, ४१ टक्क्यांना योग्य. म्हणजे त्यांच्याकडेही मामा होतेच. पुढच्या वर्षी ब्रांटना शांततेचं नोबेल मिळालं.

मी आधी पारिजातशी वाद घालत होतो, अजूनही घालीन, पण या एका फोटोसमोर 'देशाची मान खाली गेली' असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

निवांत_वाचक

सगळ्यांचे आभार. ब्रांटचा फोटो ग्रुपवर टाकला. बहिणीने लगेच अंगठा दिला. मामांनी तासाभराने लिहिलं, "हा वाकलेला नाही, गुडघे टेकलेत, फरक आहे." मग अजून दहा मिनिटांनी, "कोण आहेत हे?" आता त्यांना समजावून सांगतोय. क्वालालंपूरचा झेंडा तेवढा अजून टाकलेला नाही, रात्री मला झोपायचंय.