अनोळखी मृतदेहांची ओळख पटवायला आपल्यासारख्यांना मदत करता येते का? (निपाणी-चिकोडी भाग)

वेदगंगाकाठ:
नमस्कार मंडळी. मी निपाणी तालुक्यातली. शाळा कन्नड माध्यमात झाली, घरी मराठी, त्यामुळे दोन्ही वाचता-लिहिता येतं.

इंटरपोलच्या 'आयडेंटिफाय मी' मोहिमेबद्दल वाचलं, तेव्हापासून डोक्यातून जात नाही. बेल्जियम, नेदरलँड्स आणि जर्मनीत सापडलेल्या २२ अनोळखी बायकांची माहिती त्यांनी २०२३ मध्ये लोकांपुढे ठेवली. त्यातली पहिली ओळख पटली ती हातावर गोंदलेल्या फुलावरून. १९९२ साली अँटवर्पमध्ये खून झालेली ती बाई ब्रिटनची. तिच्या घरच्यांनी बातमीत ते फूल बघितलं आणि ओळखलं. एकतीस वर्षांनी!

आपल्याकडे पावसाळ्यात नदीला काय काय वाहून येतं ते सगळ्यांना माहीत आहे. पोलीस ठाण्याची कन्नड सूचना गावच्या ग्रुपवर फिरते, पण कोल्हापूरकडच्या माणसाला ती वाचता येत नाही आणि तिकडच्या बेपत्ता माणसाची मराठी बातमी अथणीला कुणी बघत नाही. मी आणि दोन मैत्रिणी मिळून दोन्हींची एक यादी करावी म्हणतोय. माहिती कुठून घ्यायची? पोलीस उभं करून घेतात का? आणि एखादं जुळलंसं वाटलं तर थेट घरच्यांना कळवायचं का? हे काम केलेलं कुणी असेल तर सांगा की.

चिकोडी_रोड:
ताई, हेतू चांगला आहे, पण यात पडू नका. २०१३ मध्ये बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले, तेव्हा इंटरनेटवरच्या हौशी शोधकांनी एका बेपत्ता विद्यार्थ्यालाच संशयित ठरवून टाकलं. त्या पोराचा स्फोटाशी काडीचा संबंध नव्हता. पुढे त्याचा मृतदेह नदीत सापडला. मुलगा हरवलेला आणि वर लोकांच्या शिव्या, त्या आईबापानं काय काढलं असेल? ज्याचं काम त्यालाच करू द्या.

लोंढा_जंक्शन:
बोस्टनचं खरं आहे, पण दुसरी बाजूही बघा. अमेरिकेत केंटकी राज्यात १९६८ मध्ये ताडपत्रीत गुंडाळलेली एक तरुण बाई सापडली होती. तीस वर्षं तिला नाव नव्हतं. कारखान्यात काम करणाऱ्या टॉड मॅथ्यूज नावाच्या माणसाला इंटरनेटवर एका बहिणीनं टाकलेली विचारणा दिसली. वर्णन जुळतंय म्हटल्यावर त्यानं ते अधिकाऱ्यांकडे नेलं. मग थडगं उघडून डीएनए तपासला आणि १९९८ मध्ये नाव मिळालं. शेवटचा शब्द तपासणीचा राहिला, म्हणून ते तडीस गेलं.

सुईदोरा_निपाणी:
वेदगंगाकाठ ताई, करता येतं. मी निपाणीत टेलर आहे, दुकान वडिलांचं. या कामात मी एका शर्टामुळं आलो.

ठाण्यातला एक हवालदार कागदात गुंडाळलेला शर्ट घेऊन दुकानं हिंडत होता. कॉलरच्या आतलं लेबल पाण्यानं गेलेलं, नुसते टाके राहिलेले. शर्ट माझ्या हातचा नव्हता. पण उलटा करून बघितला तर काजं हातानं केलेली, टाका जवळजवळ आणि शेवटाला दोन आडवे टाके जास्तीचे. आता काजं मशिनवर होतात. हातकाजं करणारी दुकानं या भागात कुठं उरलीत ते आम्हा धंद्यातल्यांना ठाऊक असतं. मी दोन-तीन गावं सांगितली. त्यातल्याच एका दुकानात मापाच्या वहीत तो माणूस निघाला. तेव्हापासून कपड्यांचा प्रश्न आला की बोलावणं येतं, आणि मीही पेपरातल्या अनोळखी इसमांच्या सूचना कापून ठेवतो.

पहिली गोष्ट, चेहऱ्यावर जाऊ नका. बुडालेला माणूस आधी तळाला जातो. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत फुगून वर येतो, पाणी थंड असेल तर जास्त दिवस लागतात. तोवर ओठ जाड होतात, रंग काळपट पडतो. पंचनाम्यात 'अंगाने मजबूत, रंग काळा' असं लागतं आणि घरचे म्हणतात, आमचा तर गोरा आणि किडकिडीत होता. वयाचा अंदाजही असाच चुकतो. फोटो बघून सख्खा भाऊ 'हा नव्हे' म्हणून परत गेलेला मी बघितलाय. त्याहून वाईट म्हणजे परक्यालाच आपला समजून नेणं, कारण मग दोन घरांचा शोध एकदम थांबतो.

म्हणून न फुगणाऱ्या गोष्टी बघायच्या. पॅन्टची आतल्या बाजूची लांबी फुगत नाही. पंचनाम्यातली उंची अंदाजानं लिहिलेली असू शकते, पण पाय किती लांब होते ते पॅन्ट बरोबर सांगते. पट्टीच्या आत कधी पावतीचा नंबर असतो, कधी परटाची खूण. खिशात बसचं तिकीट राहिलं तर ते कर्नाटकच्या गाडीचं की लाल परीचं, एवढ्यावरसुद्धा दिशा कळते. जुन्या ऑपरेशनचा व्रण, बसवलेले दात, मांडीतला रॉड बघा. रॉड-प्लेटवर कंपनीची खूण आणि नंबर असतात, त्यावरून दवाखान्यापर्यंत जाता येतं. आणि तुम्ही गोंदणाचं लिहिलंय ते लाखमोलाचं आहे. गोंदण कातडीच्या आतल्या थरात असतं. पाण्यात वरची कातडी सुटली की ते उलट ठसठशीत दिसतं. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायकांच्या हातावर नवऱ्याचं नाव, तुळस, काही ना काही असतंच. तेवढं एक नीट लिहून ठेवलं तरी अर्धं काम होतं.

आता नदीचं. मलिकवाड-दत्तवाड बंधाऱ्यावर उभं राहिलं की एका अंगाला कर्नाटक, दुसऱ्या अंगाला महाराष्ट्र. दत्तवाडचा माणूस दूधगंगेत गेला तर पुढं कृष्णेला लागतो आणि कल्लोळ-यडूरवरून खाली कुडची-उगारपर्यंत कुठंही सापडू शकतो. त्याची मिसिंग, म्हणजे बेपत्ता झाल्याची नोंद, शिरोळ तालुक्यातल्या ठाण्यात, मराठीत. मृतदेहाचा कागद रायबाग नाहीतर कागवाड भागात, कन्नडात. इकडं कर्नाटकात त्याला यूडीआर (अनैसर्गिक मृत्यूची नोंद) म्हणतात, तिकडं महाराष्ट्रात आकस्मिक मृत्यू. कायदा दोन्हीकडं एकच, पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४, जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं १९४. पण हा कागद त्या कागदाला आपोआप भेटत नाही. केंद्राच्या डिजिटल पोलीस पोर्टलवर बेपत्ता माणूस शोधायची सोय आहे, तिथंही बघत जा. मात्र दोन्ही भाषा येणाऱ्या माणसानं वर्णनं शेजारी ठेवून वाचणं, यासारखं दुसरं काही नाही.

घाई यासाठी, की वारस आला नाही तर काही दिवसांनी दफन होतं. १९५७ च्या कर्नाटक शरीरशास्त्र कायद्याप्रमाणं बेवारस देह मेडिकल कॉलेजलाही देता येतो. नंतर हातात उरतात फोटो, कपडे आणि घेतला असेल तर डीएनएचा नमुना.

आणि घरच्यांना फोन करायचा नाही. कधीच नाही. जुळतंय असं वाटलं तर मृतदेह ज्या ठाण्याच्या हद्दीत सापडला तिथं आणि मिसिंग जिथं दाखल आहे तिथं, दोन्हीकडं लेखी द्या. दोन्ही नंबर घाला, काय जुळतंय ते लिहा आणि काय जुळत नाही तेही लिहा. न जुळणारं लिहिलं की साहेबलोक कागद वाचतात, हा माझा अनुभव आहे. एखादं ठाणं उभं करून घेत नाही, तेव्हा पोचपावती मागायची आणि दुसऱ्या ठाण्यात जायचं.

गडहिंग्लज_माहेर:
वरच्या दादांचं 'घरच्यांना फोन करायचा नाही' हे वाक्य सगळ्यांनी नीट वाचा. माझे चुलते हिरण्यकेशीला गेले ते परत आले नाहीत. पुढं संकेश्वरकडं मृतदेह सापडला. आम्हाला ते कसं कळलं? कुणीतरी ग्रुपवर फोटो टाकला आणि तो आधी काकूच्या फोनवर आला. ज्यानं टाकला त्याला मदतच करायची होती, हे मी आजही मानते. पण काकूला त्यांचा दुसरा चेहरा आता आठवतच नाही. लग्नातला फोटो पुढ्यात धरला तरी ती मान फिरवते.

ओळख त्या फोटोवरून पटलीच नाही. करदोट्याला एक छोटी चावी बांधलेली होती. पोलीस ती घेऊन घरी आले आणि माडीवरच्या ट्रंकेच्या कुलपाला लावली. कुलूप उघडलं. त्या फोटोच्या जागी 'करदोट्याला पितळी चावी' एवढं लिहून आलं असतं तरी आम्ही त्याच दिवशी ओळखलं असतं.

चिकोडी_रोड:
अक्का, वाचून गलबलून आलं. फोटो न फिरवता, ठाण्यामार्फत करणार असतील तर माझी हरकत नाही.

वेदगंगाकाठ:
सगळ्यांचे आभार. फोटो यादीत घेणार नाही, हे आत्ताच ठरवलं. टेलरकाका, आम्ही सुरुवात कुठून करू? मृतदेहांच्या सूचना गोळा करण्यापासून?

सुईदोरा_निपाणी:
नको. सुरुवात हरवलेल्यांपासून करा. मिसिंग देताना घरचे घाबरलेले असतात. 'पांढरा शर्ट, काळी पॅन्ट' एवढंच सांगतात. असा शर्ट निम्म्या जिल्ह्याच्या अंगावर असतो. तुमच्या ओळखीतल्या, आसपासच्या गावांतल्या ज्या घरांत असं माणूस आहे आणि ज्यांची स्वतःची इच्छा आहे, त्यांच्याकडं बसा. कपडे कुणाकडं शिवायचा, अंगावर कुठं व्रण, कुठला दात पडलेला, करदोटा काळा की लाल, त्याला काय बांधलेलं, हे सावकाश विचारा. 'मेला असेल' हा शब्द तुमच्या तोंडून येता कामा नये. टेलर जिवंत असेल तर त्याची वही बघा, आम्ही लोक वह्या सहसा टाकत नाही. मग हे सगळं पुरवणी जबाब म्हणून घरच्यांच्याच सहीनं मिसिंगच्या कागदाला जोडायला लावा, आणि कन्नडात करून खालच्या अंगाच्या ठाण्यांना पाठवा. हे झालं की सूचनांकडं वळा.

दुकान रविवारी बंद, बाकी कधीही या. माझ्याकडच्या कात्रणांत निम्मी कन्नड आहेत आणि मला अक्षर लावून वाचावं लागतं. ती तुम्ही तिघींनी आधी मराठीत केली तर फार उपकार होतील.