जुन्या घरातली झोपायची खोली : दिवे, बटणं आणि प्लग पॉइंट (अनुभव धागा)

जोतं

वाईचं आमचं घर दगडी जोत्याचं, वर मातीच्या भिंती आणि कडीपाट, म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांचं छत. आई-बाबांना आता जिना झेपत नाही, म्हणून खालची कोठीची खोली त्यांची झोपायची खोली करायची आहे. आत्ता तिथे मधोमध लोंबता होल्डर आहे आणि दारामागे लाकडी बोर्ड, त्यावर तीन काळी बटणं आणि दोन भोकांचा एक प्लग. दारामागे अशासाठी, की कधीतरी दार उलट्या बाजूला उघडणारं केलं आणि बोर्ड होता तिथेच राहिला.

दुकानात गेलं की 'कोणते दिवे दाखवू?' हा पहिला प्रश्न येतो. मला तो शेवटचा वाटतो. पलंग कुठे राहणार, रात्री कोण उठतं, त्याच्या हाताला बटण कुठे येईल, तारांसाठी भिंत खाच सोसेल का, आतल्या तारा कुठल्या काळातल्या आहेत, हे आधी. नव्या फ्लॅटबद्दल सल्ले उदंड मिळतात, जुन्या घराबद्दल मात्र 'सगळं काढून नवीन करा' एवढंच ऐकायला येतं. तुम्ही प्रत्यक्षात काय केलंत आणि आता ते कसं वाटतंय, ते लिहा. खर्चाचे आकडे नकोत, ते गावागणिक बदलतात.

तारतम्य

हयात वायरिंगमध्ये गेली, बरंचसं काम सातारा-कोल्हापूरकडच्या जुन्या घरांत. दिव्यांतलं सौंदर्य मला कळत नाही, तारांचं सांगतो.

सागवानी पट्टीवर क्लिपांनी धरलेली वायर असेल तर ती बहुधा रबरी आवरणाची. पट्टीवर धडधाकट दिसते. होल्डर उघडून टोक जरा वाकवलं की रबराचा भुगा पडतो, कारण बल्बच्या उष्णतेनं ते तिथे सगळ्यात आधी वाळतं. अशा वायरीला जोड देऊन वाचवायचं नाही, पूर्ण काढायची.

मग बटण कशावर आहे ते बघायचं. जुन्या घरात बोर्डात कोणी ना कोणी हात घातलेला असतो आणि बटण फेजऐवजी (वीज आणणारी तार) न्यूट्रलवर (परतीची तार) गेलेलं असतं. साध्या बल्बला त्याचं काही नाही. एलईडी लावला की बटण बंद करूनही तो मिणमिणत राहतो. लोक म्हणतात दिवा खराब, दुकानदार बदलून देतो, नवाही मिणमिणतो. दोष दिव्याचा नाही. बटण बंद असताना होल्डरमध्ये फेज उभा आहे, आणि आपण स्टुलावर चढून बल्ब बदलतोय! (लांबवर शेजारी-शेजारी गेलेल्या तारा किंवा बटणातला छोटा इंडिकेटर यांनीही असा मिणमिणाट होतो. पण आधी फेज तपासून घ्यायचा, आणि तोही जाणत्या माणसाकडून.)

दोन भोकांचा प्लग म्हणजे अर्थिंग, गळणारी वीज जमिनीत नेणारी तार, नाहीच. तीन भोकं आहेत म्हणून ते आहे असंही समजू नका. कित्येक ठिकाणी वरच्या मोठ्या भोकामागे तारच नसते. आणि एखाद्यानं तिथे हुशारी करून न्यूट्रल जोडलेला असेल तर ते सगळ्यात वाईट, कारण न्यूट्रल कुठे तुटला की इस्त्रीच्या अंगावर फेज येतो.

३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारं बटण, बसवाच. जुन्या घरात ती बसवली की सारखी पडते आणि लोक वैतागून काढून टाकतात. पडते ती दोन खोल्यांचे न्यूट्रल कुठेतरी एकत्र पिळलेले असतात म्हणून, नाहीतर ओल्या भिंतीतून गळती असते म्हणून. ती जे सांगतेय तेच शोधायचं असतं.

वायर दिव्या-पंख्याला दीड चौरस मिलिमीटरची, प्लगला अडीचची. एसी लावणार असाल तर चारची, आणि ती मुख्य पेटीपासून थेट वेगळी आणायची. लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ. काम चालू असताना घरातल्या कोणीतरी उभं राहून रंग बघावेत. बंडल संपलं की हाताला येईल तो रंग ओढला जातो.

जोतं

काका, मातीच्या भिंतीत खाच मारून घेऊ का?

तारतम्य

नको. वरून केसिंग-पट्टी घ्या, भिंतीवर बसवून आतून तारा नेायची झाकणाची पट्टी. पण बाकीच्यांचं ऐका.

पेठकर

आम्ही पुण्यात वाड्याच्या वरच्या मजल्यावर राहतो. चौकट लाकडी, मधल्या भरावात कच्च्या विटा. खाच मारायचं मशीन लावून पाहिलं तर चुन्याचा गिलावा हातभर रुंद सुटून आला, तेव्हाच थांबवलं. सगळ्या तारा तुळयांच्या कडेने लोखंडी पाइपातून नेल्या आणि पाइप लाकडाच्या रंगात रंगवला. खाली बोर्डापर्यंत पट्टी आली, तिला भिंतीचाच रंग. पाहुण्यांना दाखवल्याशिवाय दिसत नाही. मातीच्या भिंतीत प्लॅस्टिकची गिट्टी धरत नाही, म्हणून बोर्डासाठी आधी लाकडाचे गुटके बसवून घेतले.

कडीपाटाखाली उजेडाचं गणित वेगळं होतं. काळपट सागवान उजेड गिळतं, त्यामुळे छताकडे तोंड करून लावलेला दिवा इथे फुकट जातो. आम्ही दिवे पांढऱ्या भिंतीवर पडतील असे लावले. भिंत उजळली की खोली उजळते. मधल्या तुळईला फक्त पंखा. आणि हो, दिवा पंख्याच्या पात्यांच्या वर लावू नका, सावली रात्रभर गरगरत राहते.

पीओपीचं छत करून त्यात दिवे बसवा असं दोघांतिघांनी सुचवलं. कडीपाट झाकला की वाळवी आणि गळती दोन्ही झाकतात, हे आमचं उत्तर. तुमचं घर, तुमची मर्जी.

अर्धी_खोली

गिरगावातली चाळ, दहा बाय अठराची खोली. झोपायची खोली, अभ्यासाची खोली, जेवायची खोली, सगळी तीच. बाबांची पहिली पाळी असे, ते लवकर झोपायचे, आणि आम्ही भावंडं पुस्तकं घेऊन बसायचो. म्हणून ट्यूब सोडून बाकी सगळे दिवे कोपऱ्याकोपऱ्यात आणि प्रत्येकाला वेगळं बटण. पोटमाळ्याच्या खालच्या अंगाला लावलेली छोटी पट्टी मला सगळ्यात उपयोगी वाटते. उजेड फक्त खालच्या टेबलावर पडतो, झोपलेल्याच्या डोळ्यांवर नाही.

एसी घेताना कळलं की प्रश्न खोलीतल्या वायरिंगचा नाहीच. खालच्या मीटरपासून आमच्या दारापर्यंत येणारी तारच जुनी आणि बारीक होती. आतला पॉइंट सोळा अँपिअरचा केला तरी ती बदलल्याशिवाय आणि मंजूर भार वाढवून घेतल्याशिवाय एसी लावणं धोक्याचं होतं. चाळीत राहणाऱ्यांनी खालपासून बघत यावं.

कृष्णाकाठ

सांगलीकर इथे कोणी आहे का? २००५, २०१९, २०२१, तिन्ही वेळा तळमजल्यात पाणी. आमच्या आजीच्या खोलीत आता एकही प्लग कमरेखाली नाही. पण खरं सांगायचं तर २०१९ ला पाणी बोर्डाच्याही वर गेलं होतं, तेव्हा उंचीनं फार काही वाचलं नाही. उपयोग झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा. मुख्य पेटी वरच्या मजल्यावर नेली आणि तळमजल्याला वेगळी एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारं बटण) दिली. पुढच्या वेळी वीज परत आली तेव्हा खालचा मजला बंद ठेवून वर दिवे-पंखे चालू करता आले.

पुरात बुडालेलं बटण किंवा प्लग वाळवून परत वापरू नका. आत बारीक गाळ राहतो. आणि भिंतीतल्या पाइपात पाणी नुसतं साचून राहतं. आता आम्ही वरून पट्टीच लावली आहे, झाकण उघडलं की वाळते.

चिरेबंदी

राजापूरकडचं घर, जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं. आमचा शत्रू क्रमांक एक उंदीर. माळ्यावरून नुसती वायर नेली की संपलं, म्हणून सगळं जाड पाइपातून. शत्रू क्रमांक दोन पश्चिमेकडची भिंत. पावसाचा झोत तिच्यावरच येतो, आतून ओल धरते, तिथे बोर्ड नकोच. वरून उघडी असलेली कोणतीही शेड घेऊ नका, कौलातली धूळ, पाखरं, पाली सगळं तिच्यात जमा होतं. आणि झोपायच्या खोलीत रात्री पिवळसर दिवा ठेवला की पांढऱ्यापेक्षा पाखरं कमी येतात, हा आमचा अनुभव.

अर्थिंगचा खड्डा अंगणात कुठेही खणू नका. जांभा उन्हाळ्यात कोरडा ठक्क होतो, पाणी धरत नाही. आम्ही न्हाणीचं पाणी जिथे माडाच्या आळ्यात जातं त्याच्या शेजारी खणला, मीठ-कोळशाचे थर दिले. ओलावा बारमाही.

आणखी एक. मे अखेरीला आणि परतीच्या पावसात विजा कडकडू लागल्या की आम्ही सगळे प्लग उपसून ठेवतो. म्हणून प्लग कपाटामागे जाता कामा नये. इंटिरिअरवाले नेमका तिथेच लपवतात.

कूलरवाली

नागपूर. आमच्याकडे बेडरूमचा पहिला पॉइंट कूलरचा, बाकी सगळं नंतर! कूलरला वीज फार लागत नाही, सहा अँपिअरचा प्लग पुरतो. पण पत्र्याचा डबा, पाणी, आत पंप आणि ओल्या फरशीवर अनवाणी माणसं. तेव्हा अर्थ असलेला पॉइंट आणि आरसीसीबी, यात तडजोड नाही. पाणी भरताना प्लग काढायचा ही सवय वेगळी, आणि ती लागावी म्हणून पॉइंट खिडकीशेजारी हाताला येईल असा. पूर्वी खोलीच्या त्या टोकावरून वायर ओढायचो.

दिव्यांवरून आमच्याकडे आईशी वाद झाला. मला ३००० केल्विनचा पिवळसर उजेड हवा होता. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तिला ६५०० ची पांढरीफेक ट्यूब डोळ्यात जाते, पण पिवळा दिवाही नको. म्हणे, 'त्यात गोळ्यांचे रंग ओळखू येत नाहीत.' बरोबरच होतं तिचं. मग कपाटाजवळ, जिथे औषधं असतात, तिथे ४००० ची ट्यूब आणि पलंगाजवळ पिवळसर. वयस्कर डोळ्यांना आपल्यापेक्षा जास्त उजेड लागतो, तेव्हा मंद, रोमँटिक वगैरे कल्पना आई-वडिलांच्या खोलीत राबवू नयेत.

गोलपिन

लंडनहून. आमचं भाड्याचं घर बरंच जुनं आहे. झोपायच्या खोलीत नेहमीच्या चौकोनी पिनांच्या सॉकेटांबरोबर पलंगाच्या दोन्ही बाजूंना छोटी गोल पिनांची सॉकेटं दिसली आणि मी चाटच पडलो. आपल्या घरी असतात तीच, पाच अँपिअरची! आपली गोल पिन मुळात ब्रिटिश पद्धतीचीच. इकडे १९४७ नंतर चौकोनी पिन आली आणि गोल पिन फक्त टेबललॅम्पपुरती उरली. ती दिव्यांच्या सर्किटवर असते, त्यामुळे दाराजवळचं एक बटण दाबलं की दोन्ही लॅम्प लागतात, आणि चुकून कोणी त्यात हीटर खुपसू शकत नाही. वाईच्या खोलीतही दारातल्या बटणावर चालणारा लॅम्पचा पॉइंट सहज करता येईल.

तळघर

न्यू जर्सी, १९२० च्या दशकातलं लाकडी घर. बेडरूममध्ये छताला दिवाच नव्हता. दारातलं बटण दाबलं तर भिंतीतल्या सॉकेटचा फक्त अर्धा भाग चालू व्हायचा, तिथे लॅम्प लावायचा, ही इथली जुनी पद्धत. सॉकेट सगळी दोन फटींची, अर्थ नाही. माळ्यावर चिनी मातीच्या खुंट्यांवर ताणलेल्या सुट्या तारा. त्यांच्यावर उष्णतारोधक कापूस पसरता येत नाही, कारण त्या तारांना हवा लागते. सगळं घर एकदम फोडायचं नव्हतं, म्हणून इलेक्ट्रिशियनने तिथे गळती ओळखणारी सॉकेट बसवली आणि नियमाप्रमाणे त्यांवर 'अर्थ नाही' अशी चिठ्ठी चिकटवली. अर्थ नसला तरी माणसाला शॉक बसू लागला की ती सॉकेट बंद होतात. तरी कॉम्प्युटरसाठी एक पॉइंट पूर्ण नव्या तारेचा घेतला.

निशिगंध

सासरे शेवटची काही वर्षं अंथरुणावर होते. एक प्लग आणि एक्स्टेंशन बोर्ड एवढ्यावर ते दिवस काढले. जोतं, तुमच्या धाग्यात हे कोणीतरी लिहायलाच हवं म्हणून लिहिते. हवेच्या गादीचा पंप चोवीस तास चालतो. नेब्युलायझर, ऑक्सिजनचं यंत्र (तीनचारशे वॉट घेतं), फोन, वाकवता येणारा दिवा. पलंगाच्या उशाशी निदान चार प्लग ठेवा, गादीच्या उंचीच्या वर, म्हणजे वाकावं लागत नाही आणि पायात वायर येत नाही. त्यांतले दोन इन्व्हर्टरवर.

रात्रीसाठी झिरोचा दिवा पायाच्या उंचीला लावा, वर नको. जुना झिरोचा बल्ब नावालाच झिरो, बारा-पंधरा वॉट खायचा. आता अर्ध्या वॉटमध्ये काम होतं.

जोतं

सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं : खाच नाही, पट्टी. बोर्ड दारामागून बाहेरच्या बाजूला. उशाशी चार प्लग, पांढऱ्या भिंतीवर दोन दिवे, औषधांच्या फडताळावर वेगळी ट्यूब, न्हाणीच्या वाटेवर पायाशी छोटा दिवा. मोठा दिवा दारातूनही आणि पलंगावरूनही लागायला हवा. तारतम्यकाका, पलंग पुढे हलवला तर?

तारतम्य

जिन्याचं असतं तेच कनेक्शन, टू-वे. दोन बटणांच्या मध्ये दोन तारा जास्त लागतात. पलंग हलण्याची शक्यता असेल तर समोरच्या भिंतीपर्यंत पट्टीतून त्या आत्ताच ओढून ठेवा, टोकांना टेप मारा आणि वर कोरी प्लेट बसवा. झाकण लावायच्या आधी भिंतीचे फोटो काढा आणि पेटीच्या दाराच्या आत चिकटवा. पुढचा वायरमन मी नसणार.