जुन्या गाडीची उत्सर्जन चाचणी : कोणता आकडा अडला आणि दोष कुठे सापडला?

जुनी गाडी जिव्हाळ्याने सांभाळणाऱ्यांना उत्सर्जन चाचणीची तारीख जवळ आली की धास्ती वाटू लागते. गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते, चढावरही दम टाकत नाही, आणि तरीही यंत्राची नळी सायलेन्सरमध्ये गेली की आकडे मर्यादेच्या पलीकडे जातात. अशा वेळी पहिला सल्ला बहुधा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधले घातक वायू निरुपद्रवी करणारी जाळी) बदलण्याचा मिळतो, आणि तो भाग गाडीतील सर्वांत महागड्या भागांपैकी एक असतो. चाचणीच्या कागदावरचे सगळे आकडे एकत्र वाचले, तर दोष कोणत्या दिशेला आहे हे बहुतेक वेळा तेच सांगतात, असे माझे ठाम मत आहे, आणि याच हेतूने हा धागा काढला आहे.

कार्बन मोनॉक्साइड वाढला असेल, तर इंजिनाला हवेच्या मानाने पेट्रोल जास्त मिळते आहे. हायड्रोकार्बन वाढले असतील, तर पेट्रोल न जळताच बाहेर पडते आहे. मग ते ठिणगी चुकल्यामुळे असेल, व्हॉल्व्ह नीट बसत नसल्यामुळे असेल किंवा मिश्रण इतके विरळ झाल्यामुळे असेल की ते धड पेटतच नाही. या शेवटच्या प्रकारात कार्बन मोनॉक्साइड कमी आणि ऑक्सिजन जास्त दिसतो, आणि हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय तो ओळखता येत नाही. वजनाने १४.७ भाग हवा आणि १ भाग पेट्रोल हे प्रमाण जमले की लॅम्डा, म्हणजे हवा त्या प्रमाणाच्या किती पट आहे तो आकडा, १ येतो; मिश्रण विरळ असेल तर तो १ च्या वर जातो. कन्व्हर्टर असलेल्या गाड्यांसाठी इंजिनाचे फेरे वाढवून घेतलेल्या चाचणीत तो ०.९७ ते १.०३ यांच्या दरम्यान असावा, अशी अट बऱ्याच देशांत आहे.

आपली गाडी कार्ब्युरेटरची की इंजेक्शनची, कोणता आकडा अडला, काय काय तपासले आणि शेवटी दोष कुठे निघाला, एवढे जरूर लिहावे. केवळ "सर्व्हिसिंग केले आणि गाडी पास झाली" यापेक्षा थोडे सविस्तर लिहिल्यास दुसऱ्याला त्याचा खरा उपयोग होईल.

* * *

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. माझी गाडी कार्ब्युरेटरची आहे आणि तिचा कार्बन मोनॉक्साइड सहा टक्क्यांच्या वर गेला होता. एअर फिल्टर नवा होता, चोकची पाती गरम इंजिनावर पूर्ण उघडत होती, आयडलिंगचा मिक्श्चर स्क्रू आत घेतला तरी आकडा जेमतेम हलत होता. स्क्रू फिरवून फरक पडत नाही, याचा अर्थ पेट्रोल दुसऱ्याच वाटेने आत येते आहे, असे माझ्या मेकॅनिकदादांनी सांगितले आणि त्यांनी फ्लोट चेंबरचे झाकण उघडले (ही कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची छोटी टाकी; तिच्यातला तरंगता फ्लोट वर आला की सुई पेट्रोलची वाट बंद करते). पितळी फ्लोट त्यांनी कानाजवळ धरून हलवला, तेव्हा आत पेट्रोल डुचमळल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. मग तो त्यांनी कडकडीत गरम पाण्यात बुडवून धरला. जोडाच्या डाखावरून बारीक बुडबुड्यांची एक रांग वर येऊ लागली, म्हणजे चीर नेमकी तिथेच होती. फ्लोट आत भरलेल्या पेट्रोलने जड झाला की पुरेसा वर तरंगत नाही, सुई वेळेवर बंद होत नाही आणि चेंबरमधली पातळी सतत चढलेली राहते. नवा फ्लोट आणि नवी सुई बसवून पातळी कंपनीच्या मापाप्रमाणे लावल्यावर स्क्रूला पुन्हा जीव आला आणि आकडा मर्यादेच्या बराच खाली उतरला.

यावरून एक विनंती करावीशी वाटते. चाचणी पार पडावी एवढ्यासाठी मिक्श्चर फार विरळ करून घेऊ नये. तशाने कार्बन मोनॉक्साइड उतरतो, पण इंजिन मिसिंग करू लागते आणि हायड्रोकार्बन चढतात.

* * *

माझ्याकडील गाडी इंजेक्शनची असून तिला कन्व्हर्टर आहे. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन दोन्ही मर्यादेत, पण लॅम्डा १.०६ आला आणि तेवढ्यावर गाडी नापास झाली. मिश्रण विरळ आहे असे समजून इंधन पंपाचा दाब तपासला, इंजेक्टर साफ करून घेतले, इनटेकच्या रबरी नळ्या पाहिल्या, आणि सर्व काही ठीक होते. दोष निघाला तो सायलेन्सरच्या मधल्या जोडात. एक्झॉस्टमधला वायू ठोक्याठोक्याने बाहेर पडतो आणि दोन ठोक्यांच्या मध्ये दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षाही कमी होतो. तेवढ्यात बारीकशा भोकातून ताजी हवा आत ओढली जाते. यंत्राला तो जास्तीचा ऑक्सिजन दिसतो आणि ते लॅम्डा वाढवून दाखवते. इंजिन बिचारे बरोबर काम करत असते.

गळती शोधायची असेल तर इंजिन थंड असताना सुरू करावे, लगेच सगळ्या जोडांवर साबणाचे पाणी सोडावे आणि बुडबुडे कुठे येतात ते पाहावे. जोडाभोवती काजळीचा काळा फराटा दिसला, तर तीही खूण समजावी. हीच गळती ऑक्सिजन सेन्सरच्या (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजून इंजिनाच्या संगणकाला कळवणाऱ्या भागाच्या) आधी असेल, तर प्रकरण जास्त गुंतागुंतीचे होते, कारण मग सेन्सरच फसतो, संगणक पेट्रोल वाढवतो आणि कार्बन मोनॉक्साइडही चढू लागतो.

* * *

मी थोडक्यात लिहिते. गाडी चाचणीच्या आधी चांगली गरम करून न्यावी, हे सगळेच सांगतात. पण रांगेत उभे असताना ती पुन्हा निवते, याकडे कुणाचे लक्ष नसते. कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंश सेल्सियस तापमानाला काम करू लागतो आणि जुन्या गाडीत बराच वेळ आयडलिंग झाले की तो त्याच्या खाली जाऊ शकतो. जुन्या एका तारेच्या ऑक्सिजन सेन्सरला स्वतःचा हीटर नसतो, त्यामुळे तोही थंड पडतो. आपला नंबर यायच्या आधी तीनेक मिनिटे इंजिन २,५०० फेऱ्यांच्या आसपास धरून ठेवावे, आणि त्यानंतर ते बंद न करता गाडी आत घ्यावी.

* * *

वरच्या ताईंचा मुद्दा मोलाचा आहे, त्याला माझी जोड. माझी गाडी कितीही चालवली तरी तापमानाचा काटा मध्यावर येत नव्हता, आणि गाडी कधी तापत नाही म्हणून घरात सर्वांना त्याचे समाधानच होते. प्रत्यक्षात थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, उघडा अडकला होता. इंजिन अजून थंड आहे असे संगणकाला वाटत राहिले आणि तो पेट्रोल वाढवून देत राहिला. त्यात गाडी रोज अगदी जवळच्या जवळ फिरणारी, त्यामुळे न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरत होते. डिपस्टिक नाकाशी नेली तर पेट्रोलचा वास यायचा. असे ऑइल गरम झाले की त्यातले पेट्रोल वाफ होऊन क्रँककेसच्या नळीने परत इनटेकमध्ये येते आणि कार्बन मोनॉक्साइड आणखी वाढवते. थर्मोस्टॅट बदलला, ऑइल आणि फिल्टर नवे घातले, नंतर गाडी लांबच्या रस्त्याने नेऊन आणली, आणि दुसरे काहीही न करता आकडा मर्यादेत आला.

* * *

ज्यांच्या गाडीला ओबीडी-२ चे, म्हणजे गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड स्कॅनरने वाचण्याचे, सॉकेट आहे, त्यांच्यासाठी लिहितो. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींना ते १९९६ पासून आणि युरोपातल्या पेट्रोल मोटारींना त्याच धर्तीचे ईओबीडी २००१ पासून सक्तीचे झाले, त्यामुळे आता जुन्या म्हणवल्या जाणाऱ्या कित्येक गाड्यांनाही ते असते. अनेक ठिकाणी चाचणीचा मुख्य भाग म्हणजे हे सॉकेट वाचणे. माझ्या गाडीचा चेक इंजिनचा दिवा दुरुस्तीनंतर स्कॅनरने पुसून दिलेला होता. दिवा बंद, कोड एकही नाही, आणि तरीही गाडी परत पाठवली गेली, कारण कोड पुसले किंवा बॅटरीची तार काढली की संगणकाने स्वतःच्या तपासण्यांची ठेवलेली नोंदही कोरी होते. त्या तपासण्या पुन्हा पूर्ण होईपर्यंत यंत्राला "तयार नाही" असेच उत्तर मिळते.

यावर उपाय एकच, आणि तो गाडी चालवण्याचा. कन्व्हर्टरची तपासणी एकसारख्या वेगाने काही काळ चालवल्यावर होते. टाकीतल्या पेट्रोलच्या वाफेची तपासणी सर्वांत हट्टी असते : तिला रात्रभर उभी राहून थंड झालेली गाडी लागते आणि टाकी साधारण १५ ते ८५ टक्क्यांच्या दरम्यान भरलेली लागते, त्यामुळे चाचणीच्या आदल्या दिवशी टाकी फुल करण्याची सवय इथे आडवी येते. प्रत्येक कंपनीचा चालवण्याचा क्रम वेगळा असतो आणि तो सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. साधा स्कॅनर लावून सगळ्या तपासण्या पूर्ण झाल्याची खात्री घरीच करून घ्यावी आणि मगच चाचणीला जावे.

* * *

डिझेलवाल्यांची चाचणी निराळी आणि इंजिनाची परीक्षा पाहणारी असते. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर पुन्हा पुन्हा तळापर्यंत दाबतात आणि धुरातून प्रकाश किती अडतो ते मोजतात. म्हणून मी सर्वप्रथम टायमिंग बेल्टची मुदत पाहतो. जुना बेल्ट त्या क्षणी तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून इंजिनच हातचे जाऊ शकते. माझ्या गाडीचा काळा धूर इंजेक्टरांमुळे आहे, असे सर्वांचे मत पडले होते. प्रत्यक्षात टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणारी रबरी नळी क्लिपच्या खाली चिरलेली होती. हाताने चाचपल्यावर तिथे ऑइलचा चिकट थर लागला, आणि नळी वाकवली तेव्हा चीर उघडली; एरवी ती दिसतही नव्हती. हवा अर्ध्या वाटेत निसटली की डिझेल पूर्ण जळत नाही आणि धूर काळा येतो. नळी बदलून, खालच्या गिअरमध्ये फेरे चढते ठेवून गाडी लांबवर पळवली, म्हणजे एक्झॉस्टमध्ये साठलेली काजळी चाचणीच्या आधीच निघून जाते.

* * *

मी अनेक वर्षे गॅरेजमध्ये हेच काम करतो, म्हणून कन्व्हर्टरविषयी थोडे मोकळेपणाने लिहितो. कन्व्हर्टर क्वचितच आपणहून निकामी होतो. मिसफायरमुळे कच्चे पेट्रोल त्यात जाऊन जळते आणि आतली जाळी वितळते, किंवा इंजिन ऑइल खात असेल तर त्यातला फॉस्फरस जाळीवर थर धरतो. ते मूळ कारण दूर न करता नवा कन्व्हर्टर बसवला, तर त्याचीही तीच गत होते, आणि गाडीच्या मालकाने विश्वासाने दिलेला पैसा वाया जातो, हे पाहताना फार वाईट वाटते.

बदलण्यापूर्वी एवढे पाहून घ्यावे. गरम इंजिनावर पहिल्या ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्ट ०.१ ते ०.९ यांच्या दरम्यान सतत वरखाली होतो. कन्व्हर्टरनंतर बसवलेला दुसरा सेन्सर मात्र बराचसा स्थिर राहायला हवा. दुसराही पहिल्यासारखाच नाचत असेल, तर जाळीची ऑक्सिजन साठवण्याची ताकद संपली आहे. कन्व्हर्टर थंड असताना रबरी हातोडीने हलकेच ठोकून खुळखुळ ऐकू आली, तर जाळी तुटलेली आहे. ही दोन्ही लक्षणे नसतील, तर आधी प्लग, वायरी, इग्निशन कॉइल आणि इनटेकची गळती पाहावी.

रोलरवर गाडी चालवून नायट्रोजन ऑक्साइड मोजत असतील, तर ईजीआर व्हॉल्व्हची (एक्झॉस्टमधला थोडा वायू परत इनटेकमध्ये सोडणाऱ्या झडपेची) वाट कार्बनने बुजली आहे का ते बघावे, कारण हे वायू ज्वलनाचे तापमान फार चढल्यावर तयार होतात आणि ईजीआर ते तापमान उतरवतो. इग्निशनचे टायमिंग गरजेपेक्षा पुढे असले तरी तोच परिणाम होतो.

* * *

दादा, आपण इतके सविस्तर लिहिलेत म्हणून विचारतो. माझ्या गाडीचा धूर निळसर आहे, पण तो नेहमी येत नाही. पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील का?

* * *

धूर कधी येतो ते आधी नीट पाहा. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू केल्यावर, किंवा उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडून नंतर दाबल्यावर निळा लोट येऊन थांबत असेल, तर ऑइल व्हॉल्व्हच्या सीलमधून झिरपत असण्याची शक्यता जास्त आहे. जोर लावल्यावर सतत येत असेल, तर रिंगांचा संशय घ्यावा. खात्रीसाठी कॉम्प्रेशन एकदा तसेच मोजावे आणि मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावे. दुसऱ्या वेळी आकडा ठळकपणे वाढला, तर रिंगा झिजल्या आहेत आणि त्यासाठी इंजिन उघडावेच लागेल. न वाढता तो मुळातच चांगला असेल, तर सील बदलून घ्या. ते काम बऱ्याच इंजिनांत हेड न काढताही होते.