उघड्यावर लाइव्ह सेट, थंडीत अ‍ॅनालॉग सिंथचा (सर्किटमधून आवाज काढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक वाद्याचा) सूर टिकतो का?

प्रश्न: २०१३ ला सुरू झालेल्या मॅग्नेटिक फील्ड्स या म्युझिक फेस्टिव्हलला राजस्थानातल्या अल्सिसर महालात कुणी वाजवलंय का? मला डिसेंबरात राजस्थानातच रात्री उशिरा लाइव्ह सेट आहे, टेन्शन आलंय.

उत्तर: वाजवलंय रे! शेखावाटीत, म्हणजे अल्सिसरच्या भागात, रात्री जाम गारठा पडतो, तापमान बदललं की ऑसिलेटर (सिंथमधला सूर तयार करणारा भाग) सुरावरून सरकतो, म्हणून सिंथ तासभर आधी स्टेजजवळच चालू करून ठेव आणि सेटच्या तोंडावर परत ट्यून कर. बोटंही आखडतात, हातमोजे घे.

उत्तर: धूळ पण लय असते, फेडरवर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणांवर) कापड टाक. आणि तुझं झालं की झोपायला पळू नकोस, पहाटेपर्यंत बाकीच्यांचे सेट ऐक, किक (ड्रमचा जड ठोका) आणि बेस (खालचे सूर) एकमेकांना जागा कशी देतात ते मोठ्या साउंड सिस्टिमवरच नीट कळतं, मला तरी तिथंच कळलं!

प्रश्नकर्ता: थँक्यू दोघांना! तासभर आधी स्टेजवर वीज मिळेल का, आजच विचारतो.