माणमधलं आमचं महसूल मंडळ 'दुष्काळसदृश' यादीत आहे, मग पैसे कधी येणार? (२०२३-२४च्या दुष्काळातली चर्चा)

घणसोलीकर माणदेशी

नमस्कार मंडळी. मी तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी, राहायला घणसोलीत. गाव दहिवडीच्या पुढं, माण तालुका, जिल्हा सातारा. शेती थोरला भाऊ बघतो, सातबारा दोघांच्या नावावर सामाईक. २०२३च्या ऑगस्टात पाऊस पळाला तो पळालाच. बाजरीचं कणीस पोटरीतनं बाहेरच आलं नाही, सरमाडाचीच वैरण केली. रब्बीची ज्वारी गुडघ्याएवढी झाली आणि तिथंच थांबली.

आता भाऊ फोनवर म्हणतो, आपलं मंडळ यादीत हाय, हेक्टरी साडेआठ हजार मिळणार, तुझं आधार अन् पासबुक धाड. गावातला एक पोरगा 'दुष्काळाचा फॉर्म' भरायचे माणशी ३०० घेतोय, दोघांचे ६०० मागतोय. सहाशे म्हणजे काही डोंगर नाही, पण कशाचे द्यायचे ते तरी कळू दे. वर गावच्या कर्ज देणाऱ्या सोसायटीच्या सचिवानं कर्जाच्या पुनर्गठनाचा कागद दिलाय, त्यावर माझीही सही पाहिजे म्हणे. करू का नको?

आणि एक राग आहे तो इथंच काढतो. माझी सासुरवाडी वाई तालुक्यात. धोम धरण उशाला. तो तालुका दुष्काळी, आणि आम्ही माणवाले नुसते 'सदृश'? आमची आणेवारी, म्हणजे पीक किती आलं त्याचा सरकारी अंदाज, पन्नास पैशांच्या आत आहे. हे कुणी ठरवलं?

ऐरोली नाका

निवडणूक आलीय भावा, येतील पैसे. नाही आले तर निवडणूक झाली समजायचं.

कळव्याचे अण्णा

मी महसूल खात्यातनं मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. आता नातवंडांपायी कळव्यात. जरा सविस्तर लिहितो.

३१ ऑक्टोबर २०२३ला शासनानं ४० तालुके जाहीर केले, २४ गंभीर आणि १६ मध्यम. सातारा जिल्ह्यातले त्यात फक्त वाई आणि खंडाळा. माण-खटाव नाहीत म्हणून ओरड झालीच. मग १० नोव्हेंबरला १०२१ महसुली मंडळं 'दुष्काळसदृश' ठरवली. निकष असा की जून ते सप्टेंबरचा पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरच्या आत. तुमचं मंडळ आलं ते या दुसऱ्या यादीत. दोन्ही याद्यांना गावात सरसकट 'दुष्काळाची यादी' म्हणतात, घोळ तिथं आहे.

तुमचा भाऊ जे साडेआठ हजार म्हणतोय ते आपत्ती निधीच्या केंद्राच्या निकषातले. जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, फळबागेला २२,५००, दोन हेक्टरपर्यंत, नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तर. ते अनुदान ४० तालुक्यांसाठी मंजूर झालं. १०२१ मंडळांच्या आदेशात सवलती आहेत, रोख रक्कम नाही. कडू आहे, पण त्या पोराला पैसे देण्याआधी कळलेलं बरं.

वाई का आणि माण का नाही? २०१६ची दुष्काळ संहिता आली तेव्हापासून आणेवारीवर गाडी चालत नाही. आधी पावसाची तूट आणि पावसातला मधला खंड बघतात, मग पेरणी, उपग्रहातनं दिसणारी पिकांची हिरवळ, जमिनीतली ओल, पाणीसाठा. हे सगळं तालुका धरून, आणि सरासरीच्या तुलनेत. ज्या तालुक्याची सरासरीच तुटपुंजी, त्याची तूट टक्क्यांत फार दिसत नाही. माझ्या मते संहितेची खोड हीच. आम्ही गावात उभे राहून करपलेलं रान बघत होतो, पण तक्त्यात रान नसतं, आकडा असतो.

सही करण्याआधी नीट विचार करा. पुनर्गठन म्हणजे माफी नव्हे. यंदाचं पीक कर्ज मध्यम मुदतीचं बनतं, त्याचे हप्ते पडतात आणि व्याज सुरू होतं. मुदतीत फेडलं तर पंजाबराव देशमुख योजनेत तीन लाखांपर्यंत व्याज लागत नाही, पुनर्गठन केलं की त्या कर्जाची ती सवलत हातची जाते. पण फेडायला पैसाच नसेल तर थकबाकीदार होण्यापेक्षा पुनर्गठन परवडतं, पुढचं पीक कर्ज मिळायची वाट मोकळी राहते. तेव्हा आधी भावाला विचारा, मुदतीपर्यंत रक्कम उभी राहतेय का? तुम्ही इथनं थोडा हात लावलात तर राहील का? त्यावर ठरेल.

बार्शीकर

कोपरखैरणेत राहतो, आमची बार्शी त्या ४० मध्ये. आमच्याकडं तलाठ्यानं आधार आणि खाते नंबर घेतले, याद्या वर गेल्या, विशिष्ट क्रमांक लागून यादी परत आली, मगच सेवा केंद्रात अंगठा लावून केवायसी. सामाईक खात्याला बाकीच्यांचं संमतीपत्र मागितलं, मी मुद्दाम रजा काढून गेलो. यादीत क्रमांकच नाही तर तो पोरगा केवायसी कसली करणार?

अजून एक. एक रुपयाचा पीक विमा भरला होता का? पावसाच्या २१ दिवसांच्या खंडामुळं बऱ्याच ठिकाणी २५ टक्के अग्रिम, म्हणजे विम्याची आगाऊ भरपाई, निघाला. गावात कुणाच्या खात्यावर पैसे दिसले तर ते विम्याचे असतील, दुष्काळाचे नव्हे. आमच्या गावात याच्यावरनं दोन घरांत बोलाचाली झाली.

घणसोलीकर माणदेशी

विमा भरलेला आहे, बाजरीचा. शेजाऱ्याला आले म्हणून भाऊ पेटला होता, ते आत्ता उमगलं. ६०० देऊ नको म्हणून सांगितलं. त्यावर म्हणाला, मुंबईत बसून तुला काय कळतंय. असो.

अण्णा, सवलती म्हणता त्या नेमक्या काय? पुतणी यंदा बारावीला आहे.

कळव्याचे अण्णा

तिची परीक्षा फी माफ आहे. आधी भरून घेतली असेल, तर परत मिळते. शाळेकडनं खाते क्रमांक परीक्षा मंडळाला कळवावा लागतो. मुख्याध्यापकांकडं भावानं नाही, पुतणीनंच जाऊन विचारावं, पोरी जास्त चिवटपणे विचारतात.

बाकी जमीन महसुलात सूट, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, रोजगार हमीच्या निकषात शिथिलता, टंचाईच्या गावात पंपाची वीज न तोडणं. टँकर लागणार असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव पंचायत समितीत जातो, मग तहसीलदार आणि गटविकास अधिकारी मिळून पाहणी करतात. वस्तीवरची माणसं त्या ठरावात मोजली आहेत का ते बघा. माणशी २० लिटरचा हिशेब असतो, गावठाणाचीच संख्या लिहिली की वस्तीवाले कोरडे राहतात.

आणि शेतीपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट. ही लोक तपासतच नाहीत. मीटर आहे का, की बिल हॉर्सपॉवरवर येतं?

घणसोलीकर माणदेशी

हॉर्सपॉवरवर. विहीर डिसेंबरातच तळाला गेली, मोटर बंद, बिल तेवढं वेळेवर.

कळव्याचे अण्णा

मग नोव्हेंबरच्या आधीचं एक आणि नंतरचं एक, दोन्ही बिलांचे फोटो भावाकडून मागवून इथं टाका. सूट धरली नसेल तर महावितरणच्या उपविभागाच्या कार्यालयात द्यायचा अर्ज मी लिहून देतो. ग्राहक क्रमांक झाकून टाका.